उशीखालची बिस्किटं

पत्र : ‘आम्ही डोंबिवलीला राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि साडेचार वर्षांचा मुलगा. मी सकाळी पावणेआठची लोकल पकडते, संध्याकाळी सव्वासातला घरी येते, मिस्टर साडेनऊला. मुलगा नऊ ते बारा बालवाडीत आणि बाकीचा वेळ आजी-आजोबांकडे असतो. गेल्या महिन्यात लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी उंची १०६ सेंटिमीटर आणि वजन साडेएकोणीस किलो लिहून घेतलं. म्हणाले, वर्षभरात जवळजवळ चार किलो वाढलाय, वजन जास्तीकडे झुकतंय, लक्ष ठेवा. जन्मला तेव्हा अडीच किलोचा होता. सासूबाईंनी त्याला जिवापाड जपून वाढवलं. त्या साताऱ्याकडच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या. “पोराच्या खाण्याला नजर लावू नये,” म्हणतात. दिवसातून तीनदा पावडर आणि साखर घातलेलं दूध, चहाच्या वेळी बिस्किटं, मोबाइल दाखवत भरवणं, शनिवारी बाबांकडून वेफर्स आणि आंब्याचं डब्यातलं पेय. सासऱ्यांना मधुमेह आहे. मी घाबरून बिस्किटांचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं, आणि एकदा चिडून “जाड्या होशील” असंही म्हणाले. परवा चादर बदलताना त्याच्या उशीखाली रुमालात गुंडाळलेली पाच बिस्किटं सापडली. मला रडूच आलं. त्याला डाएटवर ठेवू का? सासूबाईंना कसं सांगू? आणि मी नोकरी करते म्हणून हे झालं का?’

— एक आई, डोंबिवली

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वजनाचे आकडे नंतर पाहिले, आधी त्या रुमालापाशीच थांबले. साडेचार वर्षांचं पोर पाच बिस्किटं गुंडाळून उशीखाली ठेवतं, याचा अर्थ आपल्याला आवडणारी गोष्ट उद्या मिळेलच असा भरवसा त्याला आता वाटत नाही. याला चोरी म्हणू नका, हावरटपणाही म्हणू नका. त्या रुमालाचं काय करायचं ते शेवटी सांगते.

डाएटवर ठेवू का, असं विचारलंत. नाही. अजिबात नाही. या वयात मुलाचं वजन उतरवायचं नसतं. उंची वाढतेच आहे, तिला पुढे जाऊ द्यायचं आणि वजनाची चाल थोडी मंद करायची. तुमच्याच मुलाचा हिशोब मांडते. वजनाला उंचीच्या (मीटरमधल्या) वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. त्याचा आज १७.४ आहे. या वयात मुलं वर्षाला साधारण दोन किलो आणि सहा-सात सेंटिमीटर वाढतात. पुढच्या दीड वर्षात तो या चालीने वाढला, तर सहा वर्षांचा होईल तेव्हा वजन साडेबावीस किलो आणि उंची साधारण ११५.५ सेंटिमीटर असेल. बीएमआय १६.९. म्हणजे एक ग्रॅमही न उतरवता तो नेहमीच्या पट्ट्याच्या काठाशी परत आलेला असेल. आणि वर्षाला चार किलो हीच चाल राहिली तर? तोच आकडा १९ च्या पुढे जातो, आणि मग त्याला स्थूलता हाच शब्द वापरावा लागतो. आज तो या दोन वाटांच्या फाट्यावर उभा आहे, म्हणून तुमचं पत्र अगदी वेळेवर आलं असं मला वाटतं.

हे वय महत्त्वाचं का, तेही सांगते. पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळ गुटगुटीत असतं. मग ते चालायला-धावायला लागतं, बाळसं झडतं, आणि साधारण पाच-सहाव्या वर्षापर्यंत मूल अंगाने सडसडीत होत जातं. बरगड्या जरा दिसायला लागतात, आज्या हळहळतात. ही निसर्गाची चाल आहे. त्यानंतर अंग पुन्हा भरायला लागतं. ज्या मुलांचं ते फार लवकर, चौथ्या-पाचव्या वर्षाच्या आतच भरायला लागतं, त्यांना पुढे स्थूलतेचा धोका जास्त असतो. म्हणजे ज्या वयात मूल बारीक दिसायला हवं, नेमक्या त्याच वयात ‘वाळलाय गं’ म्हणून आपण त्याच्या ताटात जास्तीचं वाढतो.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल राग कमी आणि हतबलता जास्त आहे, ते मला आवडलं. त्या माणच्या आहेत. वयाने साठीच्या पुढे असतील, तर १९७२ च्या दुष्काळात दहा-बारा वर्षांच्या असणार. त्या भागातल्या त्या पिढीला विचारा : मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडणारे आई-बाप. ज्या मुलीने हे पाहिलं तिच्या हातात अडीच किलोचा नातू ठेवला, तर ती त्याच्या प्रत्येक घासाला पहारा देणारच. शिवाय बारीक मुलाची काळजी ही आजही खोटी नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची शंभरातली ३२ मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. त्याच पाहणीत जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण मात्र चार-पाच वर्षांत २.१ वरून ३.४ टक्क्यांवर गेलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच देशात, कधी एकाच गल्लीत. आपल्या सगळ्यांचे डोळे अजून फक्त पहिलीच शोधतात.

पण सासूबाईंना एक गोष्ट कोणी सांगितली नसेल, आणि ती तुमच्या घराला थेट लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळं यांचा अभ्यास करत आले आहेत. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीनच्या आसपास. आपली बाळं सगळ्याच मापांनी लहान होती, पण ती स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी जितकी लहान होती तितकी चरबीने नव्हती. वरून बारीक, आतून चरबी राखून असलेली. दिल्लीत तर जन्मापासून नोंदी ठेवलेल्या सुमारे दीड हजार मुलांना ती २६ ते ३२ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासलं गेलं. तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना मधुमेह झाला होता किंवा साखर बिघडली होती, ती माणसं तान्हेपणी बारीक होती आणि दोन वर्षांनंतर त्यांचं वजन उंचीच्या मानाने भराभर चढत गेलं होतं. बालपणी ती लठ्ठ म्हणावी अशी दिसतही नव्हती.

अडीच किलोचा जन्म, घरात आजोबांना मधुमेह, आणि चौथ्या वर्षी चार किलोंची उडी. तुमच्या डॉक्टरांनी ‘लक्ष ठेवा’ म्हटलं ते यासाठी. आजींनी पहिल्या दोन वर्षांत जे केलं ते योग्यच होतं, त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. ते काम पूर्ण झालं आहे. आता काम बदललं आहे. हेच वाक्य त्यांना सांगा, आणि मनापासून सांगा. शक्य असेल तर पुढच्या वेळी त्यांनाच डॉक्टरांकडे घेऊन जा. लसीच्या कार्डावरचा तक्ता वयानुसार वजनाचा असतो. त्यावरची रेघ वर गेली की आजीचा जीव सुखावतो, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? डॉक्टरांना उंचीनुसार वजनाचा तक्ता काढायला सांगा आणि त्याच्यावर नातवाचा ठिपका कुठे पडतो ते आजींना स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. सुनेने ऐकवण्यापेक्षा ते हजार पटींनी बरं.

आणि हे बोलणं मिस्टरांनी करावं. आई त्यांची आहे, शनिवारचे वेफर्सही त्यांचेच आहेत. ‘मी नोकरी करते म्हणून हे झालं का,’ असं तुम्ही विचारता. साडेनऊला घरी येणाऱ्या बाबांनी हा प्रश्न स्वतःला विचारला आहे का? तुमच्या नोकरीने हे झालेलं नाही. घरात काय येतं, कधी वाढलं जातं आणि झोप किती मिळते यातून हे झालं आहे, आणि या तिन्ही गोष्टी घरातली चारही मोठी माणसं मिळून ठरवतात.

चारही असं मी मुद्दाम म्हणते. इस्रायलमध्ये मोरिया गोलान यांनी सहा ते अकरा वर्षांच्या स्थूल मुलांचे दोन गट केले होते. हा अभ्यास १९९८ मध्ये छापून आला. एका गटात मुलांनाच बोलावून खाण्याचं शिक्षण दिलं. दुसऱ्या गटात मुलांना बोलावलंच नाही, फक्त आईवडिलांशी बोलले. ज्यांना कधी बोलावलंच नव्हतं, त्या मुलांचं जास्तीचं वजन अधिक कमी झालं. तेव्हापासून माझी खात्री आहे की लहान मुलाच्या खाण्याबद्दल मुलाशी बोलण्यात फारसा अर्थ नाही. सहा ते अकराच्या मुलांचं असं, तर साडेचारच्या मुलाला काय सांगणार? वाणसामानाची यादी तो करत नाही.

कुलपाचंही तेच. १९९९ मध्ये अमेरिकेत जेनिफर फिशर आणि लिअन बर्च यांनी बालवाडीतल्या मुलांसमोर एक साधाच खाऊ पारदर्शक बरणीत ठेवला आणि थोडाच वेळ खाऊ दिला. बरणी समोर, पण हात लावायचा नाही. मुलांचं सगळं लक्ष त्या बरणीकडे लागलं. ती त्याच्याबद्दल बोलायला लागली, मागायला लागली. जो खाऊ आधी असाच एक होता, तो हवाहवासा झाला. तुमच्या कपाटाने तेच केलं आहे. बिस्किटं घरात आहेत हे त्याला माहीत आहे, आजोबा चहाबरोबर खातात हे तो बघतो, आणि त्याच्या वाट्याला कुलूप. पाकीट घरात यावं की नाही हा निर्णय दुकानात करायचा असतो. एकदा ते घरात आलं की ते सगळ्यांचं. म्हणून कुलूप काढा. आहेत ती बिस्किटं संपू द्या आणि पुढच्या महिन्याच्या यादीत ती लिहू नका. कोणाच्याच नावाने नाही. आजोबांना मधुमेह आहे, त्यांच्यासाठी हा बदल आज नाही तर उद्या करावाच लागणार होता; घरात तसंच सांगा. खोटं त्यात काही नाही. पोराच्या अंगावर मात्र ‘तुझ्यामुळे घरातली बिस्किटं बंद झाली’ हे ओझं येता कामा नये.

मग त्याच्याकडे काय सोपवायचं? किती खायचं ते. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते : काय, कधी आणि कुठे बसून खायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं, खायचं की नाही, ते मुलाने. ऐकायला सोपं, करायला फार कठीण, कारण आपण नेमकं उलटं करतो. काय हवं ते त्याला विचारतो, आणि किती ते आपण ठरवतो : ‘एवढे चार घास संपव.’ एक घास चिऊचा, एक काऊचा, एक आजोबांचा. हे गाणं जेवायला बसवण्यासाठी गोड आहे, पण पोट भरून तोंड फिरवणाऱ्या मुलाला आणखी भरवायला वापरलं की ते घातक ठरतं. एका प्रयोगात साडेतीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या मुलांना कधी थोडं, कधी भरपूर वाढून पाहिलं होतं. साडेतीनची मुलं पोटापुरतं खाऊन थांबली. पाचची मुलं जास्त वाढलं की जास्त खात होती. या दीड वर्षांत मूल पोटाचं ऐकणं कमी करून ताटाकडे बघायला शिकतं. तुमचा लेक या दोहोंच्या मधोमध आहे.

‘पानात टाकू नये’ हे आपल्या घरांत संस्काराचं वाक्य आहे आणि मला ते मोडायचं नाही. ते पाळायची रीत बदला. आधी थोडं वाढा : अर्धी पोळी, दोन चमचे भाजी, छोटी मूद. पुन्हा मागितलं तर पुन्हा वाढा, न कुरकुरता. आजींना सांगा, दुसऱ्यांदा मागायचा मान नातवाला द्या. पान स्वच्छही होईल आणि पोट भरल्याचं त्याचं त्याला कळेल. भाजी त्याने खाल्ली नाही तरी ताटाच्या कोपऱ्यात चमचाभर ठेवत राहा. नवी चव पटायला मुलाला आठ-दहा, कधी पंधरा वेळा ती समोर यावी लागते, आणि आपण तिसऱ्या वेळी ‘याला दुधी आवडत नाही’ म्हणून मोकळे होतो. ‘भाजी संपवलीस तर चॉकलेट’ हा सौदा तर कधीच करू नका. त्यातून भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस असं तो शिकतो. गणपतीत मोदक असेल, दिवाळीत करंजी असेल, तर सगळ्यांच्या पानात असते तशी त्याच्याही पानात, जेवणाबरोबरच, अटीशिवाय.

दुधाकडे जरा नीट बघू, कारण मला वाटतं तुमच्या घरातलं बरंचसं जास्तीचं तिथूनच येतं. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसभरात साधारण १३६० कॅलरी लागतात, असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर त्यातल्या दहा टक्क्यांच्या आत हवी आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे जास्तीत जास्त सहा-सात चहाचे चमचे, आणि चांगलं म्हणजे तीन. आता मोजा. तीन पेले दूध, प्रत्येकी दोन चमचे साखर धरली तर तिथेच सहा झाले. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीत पुन्हा साखर असते. डब्याच्या मागचं बारीक अक्षरातलं वाचा. ग्लुकोज बिस्किटात वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा साखर. आंब्याच्या त्या छोट्या डब्यात साधारण चार चमचे. हे सगळं जेवणाच्या वर. आणि एवढं दूध प्यायलेलं मूल दुपारी जेवत नाही, म्हणून आजी मोबाइल लावून भरवतात. एकातून दुसरं निघालेलं आहे.

दोन पेले दूध पुरे, दिवसाला चारशे ते पाचशे मिलिलिटर. पावडर बंद. साखर एकदम बंद करू नका, आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा. महिना-दीड महिन्यात त्याची जीभ बदलते, मी हे असंख्य घरांत पाहिलं आहे. आजींना ‘दूध कमी करा’ म्हटलं तर त्यांना लागेल. त्याऐवजी पाच वाजताच्या दुधाच्या जागी काहीतरी करायला द्या : तांदळाचं घावन, लहानसं थालीपीठ, उकडलेलं रताळं, मूग उकडून, चुरमुऱ्याचा चिवडा, केळं, पातळ ताक. माणच्या बाईच्या हातची ज्वारीची भाकरी आणि वरण खायला तुमच्या मुलासारखं नशीब लागतं, त्यावर चमचाभर तूप खुशाल घाला. तुपाला मी बोल लावत नाही. (अख्खे शेंगदाणे मात्र अजून नकोत, पाच वर्षांखाली ते घशात अडकायची भीती असते, दाण्याचं कूट चालेल.)

मोबाइल जेवताना कोणाच्याच हातात नको, बाबांच्याही नाही. मूल पडद्याकडे बघत गिळतं तेव्हा पोट भरल्याची खूण त्याला कळतच नाही. पहिले चार-सहा दिवस तो कमी खाईल, एखाद्या वेळी ताट ढकलून उठून जाईल. तेव्हा आजींचा जीव कासावीस होणार, आणि तुम्ही ऑफिसात असणार. म्हणून ही सुरुवात सोमवारी करू नका. सलग सुट्टी असेल, तुम्ही दोघं घरी असाल, तेव्हा करा. निरोगी मूल एक वेळ कमी जेवलं तर पुढच्या वेळी भरून काढतं. फक्त मधल्या वेळात काही हातावर ठेवायचं नाही. जेवण आणि खाणं मिळून दिवसातून पाच वेळा, ठरलेल्या वेळी, खाली बसून. एरवी पाणी.

झोपेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण बाबा साडेनऊला येतात म्हटल्यावर माझा अंदाज आहे की तो अकराच्या आत झोपत नसेल. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप लागते. कमी झोपणाऱ्या मुलांचं वजन जास्त वाढतं, हे वेगवेगळ्या देशांत दिसलेलं आहे. रात्री सगळ्यांनी एकत्र जेवावं असं मी पूर्वी सांगत असे. लोकलने जाणाऱ्या घरांना तो सल्ला लागू पडत नाही, आणि बाबांची वाट बघत पेंगुळलेलं मूल दहाला जेवतं त्यापेक्षा ते साडेसातला तुमच्या आणि आजी-आजोबांच्या पंगतीला बसलेलं बरं. नऊला दिवा बंद. बाबांची भेट सकाळी होऊ द्या : त्यांनीच त्याला बालवाडीत सोडावं, आणि स्कूटरवर न घेता चालत. दहा मिनिटं हात धरून चालणं ही या वयात मोठी गोष्ट आहे. ऑफिसला निघायची वेळ आड येत असेल तर निदान आठवड्यातले दोन दिवस तरी. रविवारची न्याहारी सगळ्यांनी मिळून, आणि शनिवारचे वेफर्स आणून देण्याऐवजी शनिवारी संध्याकाळी त्याच्याबरोबर तासभर चेंडू. बाबांकडून त्याला काहीतरी हवं असतं, ते पाकिटातच असावं असं नाही.

खेळाबद्दल फार लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. या वयाला दिवसभरात तीन तास हालचाल हवी आणि त्यातला तासभर तरी दम लागेल अशी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. पडदा तासाभराच्या आत. तीन तास ऐकून घाबरू नका, त्यात जिने चढणं, लंगडी, पकडापकडी, गच्चीवर कपडे वाळत घालायला आजीबरोबर जाणं, सगळं येतं. संध्याकाळी आजोबांनी फिरायला जावं असं त्यांच्याही डॉक्टरांनी सांगितलं असेलच, दोघांना एकत्र पाठवा. पावसाळ्यात घरातल्या घरात ‘डोंगराला आग लागली, पळा पळा पळा’. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा.

‘जाड्या’ हा शब्द तुमच्या तोंडून एकदाच गेला आणि तो तुम्हाला अजून सलतो आहे, हे पत्रातून दिसतं. त्याला जवळ घेऊन सांगा : ‘मी त्या दिवशी तसं म्हणाले, ते माझं चुकलं.’ एवढंच, पुढे समजावणं नको. नातेवाइकांत कोणी लाडाने ‘भोपळ्या’, ‘लड्डू’ म्हणत असेल तर त्यांनाही थांबवा, हसून पण लगेच. आणि आरशासमोर उभं राहून स्वतःच्या पोटाला नावं ठेवणं तुम्हीही बंद करा. चार वर्षांची मुलं ते ऐकतात. घरात वजनकाटा असेल तर तो माळ्यावर टाका. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे उंची आणि वजन दोन्ही मोजायचं, मधे नाही.

काही खुणा दिसल्या तर तीन महिने थांबू नका : उंची वाढायची थांबली किंवा बरोबरीच्या मुलांच्या मागे पडायला लागली (नुसत्या खाण्याने वजन वाढलेली मुलं सहसा उंचीला कमी नसतात, मग थायरॉइडसारखं काही तपासावं लागतं), मानेवर किंवा काखेत काळपट, मखमली कातडी दिसू लागली, झोपेत तो मोठ्याने घोरायला लागला किंवा श्वास अडखळायला लागला, किंवा पोटभर जेवूनही भूक भागतच नाही असं रोज होऊ लागलं. तुम्ही लिहिलेल्यात यातलं काही नाही.

आता तो रुमाल. त्याच्याशी त्याबद्दल काही बोलू नका. विचारू नका, हसू नका, इतरांना सांगू नका. रुमाल धुऊन घडी करून त्याच्या कपड्यांत ठेवा. मग कपाटाचं कुलूप त्याच्यासमोर काढा आणि सांगा, उद्या पाच वाजता खाऊ आहे, आजी करणार आहे, तू तिला मदत करशील? कणकेचा गोळा, उलथणं धरायला दुसरा हात, शेवटचं घावन त्याच्या नावाचं. दुसऱ्या दिवशी पाच म्हणजे पाचलाच द्या. तिसऱ्या दिवशीही. उशीखाली तरीही कधी काही सापडलं तर घाबरू नका. रोजचे पाच वाजले की खाऊ येतोच, हे पटायला त्याला काही आठवडे लागतील.

तीन महिन्यांनी मला पुन्हा लिहा. उंची आधी लिहा, वजन नंतर. आणि शक्य झालं तर पत्राच्या खाली सासूबाईंच्या दोन ओळी असू द्या. त्यांना काय वाटतं ते मला त्यांच्याकडूनच ऐकायचं आहे.